रेडिओ सेलवर बोलला

"मामा, तो रेडिओ पिशवीत घालू नका!" कार्तिकेयने शेजारच्या रंगरावांचा हातच धरला.

"अरे, संपला तो. दुरुस्तीच्या दुकानातले श्रीनिवासराव म्हणाले, आतलं सगळं जळलंय. तो द्या आणि नवा कॅसेटवाला टू-इन-वन न्या."

रेडिओ त्यांच्या बायकोचा, धनलक्ष्मीमामींचा होता. मामी स्वयंपाक करता करता तो ऐकायच्या; पोंगल सणाच्या आधी त्या वारल्या. रंगरावांना तो द्यायचा नव्हता. पण मुका रेडिओ रोज समोर बघवतही नव्हता.

"सेल घालून बघितला का त्यांनी?" कार्तिकेयच्या बहिणीने, अंबाने विचारलं.

"सेल कशाला? आम्ही वायरच लावायचो."

अंबाने घरून टॉर्चचे सेल आणले. खरखर झाली आणि कोणीतरी तमिळमध्ये भाताचे भाव सांगू लागलं!

"अय्यो! सगळं जळलं म्हणे!" रंगराव म्हणाले.

कार्तिकेय विचारात पडला. सेलवर बोलतो, विजेवर नाही. म्हणजे बिघाड वीज आत येते तिथेच. वायर आणि सेल काढून त्याने मागचं झाकण उघडलं. मग खिशातून आपला टेस्टर काढला. दोन पेन्सिल सेल, एक रेझिस्टर, एक चिमुकला लाल दिवा आणि दोन वायरी. सुट्टीत घरीच बनवलेला, कुल्फीच्या पैशांत!

"आला भंगाराचा डॉक्टर!" अंबा म्हणाली.

"हा डायोड. यातून वीज एकाच बाजूने जाते." त्याने वायरी लावल्या. दिवा लागला नाही. उलट्या लावल्या. तरी नाही. "दोन्हीकडून बंद. हाच गेलाय!"

त्याच्या भंगाराच्या डब्यात एक डायोड होता, पण त्यावरची दिशा दाखवणारी पांढरी रेघ पुसलेली.

"उलटा बसवला तर?" अंबाने विचारलं.

"तर रेडिओ मुकाच राहील. थांब." टेस्टर लावला. एकीकडून दिवा लागला, दुसरीकडून विझलेलाच. रेघ जिथे असायला हवी त्या टोकाला अंबाने नेलपॉलिशचा ठिपका दिला.

डायोडला सोल्डरिंगचा डाग द्यायला तिघं दुकानात गेली, तेव्हा श्रीनिवासराव हसले. "काय रे तंबी, एवढासा पोर तू, आता मला शिकवणार?"

"नाही मामा. फक्त एकदा सेल घालून बघा."

सेल घातले. रेडिओ बोलला. दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. श्रीनिवासरावांचं हसू गेलं. "मी... वायर लावूनच बघितलं होतं."

मग त्यांनी वायर आणि सेल काढले आणि कार्तिकेयचा डायोड स्वतः डाग देऊन बसवला. वायर लावली. आवाज आला!

"चुकलंच माझं, रंगराव. न बघता बोललो. तंबी, संध्याकाळी येत जा दुकानात. टेस्टर घेऊन. आणि या ठिपकेवालीलाही आण."

"शाबास रे पोरांनो," रंगराव एवढंच म्हणाले.

घरी त्यांनी रेडिओ फळीवर ठेवला, वायर लावली आणि आवाज वाढवला. अजून वाढवला.

"मामा, एवढा मोठा कशाला?" कार्तिकेयने विचारलं.

"आत स्वयंपाकघरात ऐकू जायला हवा ना," ते म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले.

मग अंबा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली,

"येतंय मामा! स्वच्छ ऐकू येतंय!"