उशिरा येणारं उत्तर

दोन हजार वीस सालची गोष्ट. शाळा बंद होत्या आणि मळवलीजवळच्या त्या वस्तीत मोबाइल मोजक्याच घरांत होते. म्हणून निवृत्त इंग्रजी शिक्षिका ज्योत्स्नाबाई विहाराच्या कर्ण्यावरून गृहपाठ घेऊ लागल्या.

सकाळी दुधं घालून झाली, की बाई विहाराच्या पायरीवर माइक घेऊन बसत. मुलं आपापल्या ओट्यावर वह्या उघडत. बाई इंग्रजी वाक्य म्हणून थांबत, आणि तिथं कोणतं विरामचिन्ह घालायचं ते मुलांनी ओरडून सांगायचं. कॉमा! फुलस्टॉप! साऱ्या वस्तीतून एकच गलका उठे.

सगळ्यांच्या आधी आवाज चैतालीचा. ही बाईंची दहा वर्षांची नात. आईबापामागं बाईंनीच वाढवलेली. आता बाईंना तिच्याशिवाय कुणी नव्हतं. दोन माणसांपुरत्या त्या पायरीवर ती त्यांना खेटून बसे आणि वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी होई.

"अगं, मला बोलू तरी दे."

"मग भरभर बोल ना, आजी! डुलकी लागते मला."

श्रावणात एके दिवशी गलका विरल्यावर मागून एक आवाज आला.

"फु... फुलस्टॉप."

भातखाचरांपलीकडं मुंबईवाल्यांचा बंद बंगला होता. आवाज तिकडून आला. बाईंना वाटलं, घुमला असेल. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न घातला, मुलं "क्वेश्चन मार्क!" म्हणून ओरडली, आणि मागून परत तोच आवाज आला, तसाच अडखळत. घुमणारा आवाज अडखळत नाही, हे बाईंना कळत होतं.

दुपारी धोंडाबाई दारात येऊन उभी राहिली. ती त्या बंगल्याची राखण करायची, तिथंच आवारात राहायची. तिची मुलगी पायल आदल्या वर्षी तापानं गेली होती. बाईंच्या वर्गात पायल अडखळत बोलायची, तिचं उत्तर नेहमी सगळ्यांच्या मागून यायचं.

"बाई, ऐकलंसा न्हवं?"

"कुणीतरी चेष्टा करतंय, धोंडाबाई."

"माज्या पोरीचा आवाज मला कळंना व्हय? मी हाका मारून थकले. माज्या हाकंला न्हाई, तुमच्या वाक्याला बोलतीया ती." तिनं पदर तोंडाला लावला. "तुमी साळंत मागं पडलेल्या पोराला पुढं बोलवायचा, शेजारी बसवायचा. तसं तिला बोलवा की. एकडाव."

बाईंनी तिला समजावून परत पाठवलं. पण रात्रभर तो पदर त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

सकाळी त्यांनी माइक हातात घेतला. "माय मदर इज वेटिंग ॲट होम."

चैताली ओरडली. मुलं ओरडली. मग खाचरांपलीकडून, "फु... फुलस्टॉप."

इतक्या वर्षांची सवय. बाई बोलून गेल्या.

"उशिरा कोण बोललं? पुढं ये. इथं माझ्या शेजारी बस."

कर्णा खरखरला. वारा नव्हता, तरी खाचरातलं भात बंगल्यापासून विहारापर्यंत एका रेषेत वाकत आलं.

विहाराशी येऊन थांबलं.

पायरीवर शेजारी एकच जागा होती. तिथं चैताली बसली होती.

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. हात गारेगार होता.

घाईघाईनं त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं. मुलं ओरडली. चैताली गप्प.

गलका विरला.

"फु... फुलस्टॉप," चैताली म्हणाली.

त्या दिवसापासून कर्ण्यावरचा गृहपाठ बंद झाला. डॉक्टरांनी चैतालीला तपासलं. काही निघालं नाही. मुलं मोठी झाली, पांगली. बंगला विकला गेला, पण नवे मालक एका मुक्कामानंतर फिरकले नाहीत. धोंडाबाईनं राखण सोडली. आता ती रोज सकाळी बाईंच्या घरी येते, चैतालीचे केस विंचरते, आणि चैताली मान खाली घालून तिच्या मांडीशी बसते. चैताली तळेगावला कॉलेजात जाते. काहीही विचारलं, की थोडं थांबून बोलते.

ज्योत्स्नाबाई थकल्या आहेत. संध्याकाळी जिना चढून गच्चीवर जातात, बंद बंगल्याकडं तोंड करून एक वाक्य म्हणतात. वाक्य संपायच्या आत पलीकडून उत्तर येतं, खणखणीत, दहा वर्षांच्या मुलीचं.

तिला पुढं बोलवायला त्या तोंड उघडतात. तेवढ्यात मागं जिन्यात पाऊल वाजतं.

"न... नको, आजी."