गुडघा, कबड्डी आणि शेवंताबाई

"अहो भाऊ, गुडघा मोडून घ्याचा हाय काय?"

तुळशीराम मेश्राम दचकले. जानेवारीच्या धुक्यात, रायपूरच्या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर, एक पाय बाकावर टाकून ते जोरजोरात वाकत होते. समोर एक बाई उभी होती. राखाडी स्वेटर, साडीखाली पांढरे बूट, आणि डोळे... हसरे.

"कबड्डी खेळलो आहो मी, मॅडम. रेल्वेच्या टीममधून!"

"कधी?"

"झाले असन... बरेच दिवस."

"मग गुडघ्याले सांगतलं का ते?"

शेवंता गजभिये भनपुरीकडच्या एका शाळेत पी.टी. शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. डॉक्टरांनी शुगर सांगितली, म्हणून फिरायला येत. तुळशीराम मालगाडीचे गार्ड होते. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या वर्षी बायको गेली. मुलगी साक्षी नागपूरला. घरी बोलायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून दोघं सोबत चालू लागले. ते गोंदियाच्या सामन्यात एकाच चढाईत तिघांना कसं बाद केलं ते सांगत. शेवंताबाई खो-खोच्या खांबाला वळसा घालून कशा निसटायच्या, ते सांगत आणि हातानं करूनही दाखवत. तेव्हा तुळशीराम हाताकडे कमी, चेहऱ्याकडे जास्त बघत.

पोह्यांबरोबरची जलेबी तिनं बंद करवली. डब्यात मोड आलेले मूग आणले.

"हे तं घोड्याचं खाणं हाय."

"मग धावा!"

एकदा निघताना ते म्हणाले, "उद्या येता न, शेवंताबाई?"

"मी कधी चुकली का, भाऊ?"

"ते भाऊ... तेवढं सोडता नाही येत का?"

ती खाली वाकली आणि बांधलेलीच लेस पुन्हा बांधू लागली.

फेब्रुवारीत तुळशीरामांनी चालता चालता सांगितलं, "साक्षी नागपूरले बोलावून राहिली. कायमचंच. येत्या रविवारी घ्याले येते."

"चांगलंच हाय की," शेवंताबाई म्हणाल्या, आणि इतक्या भरभर चालू लागल्या की ते मागे पडले. घरी जाऊन शेवंताबाईंनी चहात दोन चमचे साखर घातली.

त्या रविवारी सकाळी निवृत्त कर्मचाऱ्यांचा कबड्डीचा सामना होता. तुळशीराम चढाईला गेले. पहिला गडी टिपला, गर्दीनं शिट्ट्या मारल्या. वळताना मात्र गुडघा लचकला आणि ते मातीत बसले. पंच पोचायच्या आधी शेवंताबाई मैदानात होत्या. गोळा विकणाऱ्याकडून बर्फ घेतला, पदरात बांधला, गुडघ्यावर धरला. अख्खी कॉलनी बघत होती.

"आता तं नागपूरले जावंच लागन," तुळशीराम कण्हत म्हणाले.

"काहून?"

"इथं गुडघा पाहाले कोण हाय?"

बर्फाचं पाणी तिच्या बोटांतून ठिबकत होतं. तिनं एकदा गर्दीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मी हाय न... तुळशीराम."

ते दुखणं विसरून हसले. "भाऊ नाही म्हटलं!"

"गुपचूप बसा. पाय हलवू नोका."

दुपारी साक्षी आली तेव्हा बाबा पाय उशीवर ठेवून बसले होते आणि शेवंताबाई स्वयंपाकघरात ज्वारीची भाकर थापत होत्या. साक्षीनं एकदा आत पाहिलं, एकदा बाबांकडे. ते खिडकीबाहेर बघू लागले.

"बाबा, शरमा क्यों रहे हो?"

"शरमत नाही... ऊन पाहून राहिलो."

साक्षी हसली. बॅग कोपऱ्यात ठेवून ती आत गेली. "आंटी, एक भाकर मले पण. बाबाचं सामान आता नाही बांधत मी."

एप्रिलमध्ये बुद्ध विहारात दोघांचं लग्न झालं. तुळशीराम थोडे लंगडत आले. शेवंतानं हात पुढे केला, आणि त्यांनी तो सगळ्यांदेखत धरला.