वय वर्षे तीन आणि पुढे

करमणूक-परवाना खात्यात त्याला सगळे समोर साहेब म्हणत आणि पाठ वळली की इंचटेप. पाव इंचासाठी त्यानं एक आकाशपाळणा सव्वा वर्ष बंद ठेवला होता, आणि पाळण्याच्या मालकानं दिलेल्या शिव्या तो अजून मानपत्रासारख्या म्हणून दाखवी. काम एवढंच: कुठला खेळ कुठल्या वयाच्या मुलांना झेपेल ते बघायचं आणि रकान्यात आकडा भरायचा. बत्तीस वर्षांत त्याच्या आकड्यामुळे एकाही पोराचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते.

शेवटची फाइल एका मोठ्या उद्यानाची होती. तिथे ‘पडद्यामागचे प्राणी’ नावाची सहल चाले. बॅटरीच्या गाडीतून मुलांना प्राण्यांच्या मागच्या खोल्या दाखवायच्या, म्हणजे ते झोपतात कुठे, त्यांचं वजन कसं होतं, औषध कसं देतात. वयोमर्यादा आठ वर्षांची होती. उद्यानाला ती तीनवर आणायची होती. अशा वेळी तपासनिसानं एक लहान मूल बरोबर नेऊन सहल स्वतः करावी, असा नियम होता.

मूल घरातच होतं. लेकीची लेक, सव्वाचार वर्षांची. तिला भुंगा म्हणत, कारण जागेपणी ती गप्प म्हणून नसे. बोलणं संपलं की गुणगुणायची. स्वतःच रचलेले तीन सूर, त्यातला तिसरा कायम घसरलेला.

“आजोबा, अस्वलाला आजी असते?”

“असते.”

“मग ती कुठाय?”

“गावाला गेलीय.”

“तुम्ही थापा मारता.”

“सरकारी माणूस थापा मारत नाही. माहिती उशिरा देतो.”

सहल सकाळी अकराची. गाडीत भुंगा धरून अकरा मुलं आणि त्यांचे आईबाप. इंचटेपनं आवाज मोजायचं यंत्र काढलं: चौऱ्याऐंशी डेसिबल. सहल दाखवणारी बाई प्राण्यांना शिकवायचंही काम करी. गळ्यात शिट्टी, कमरेला फोडी केलेल्या सफरचंदांची पिशवी. मनातल्या मनात त्यानं तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं.

“आम्ही मारत नाही, ओरडत नाही, उपाशी ठेवत नाही,” ती म्हणाली. “शिट्टी, तबकडी आणि फोड. बास.”

अस्वलाच्या वजनाच्या खोलीत फिनेलचा आणि ओल्या केसांचा वास होता. गजांच्या अलीकडे जमिनीवर निळी वर्तुळं रंगवलेली. मुलांनी वर्तुळात बसायचं, मोठ्यांनी मागे पिवळ्या पट्ट्यापलीकडे उभं राहायचं. गजांपलीकडची झडप वर गेली. म्हातारं अस्वल उंबऱ्याशी येऊन थांबलं. शिट्टीबाई “हं” म्हणाली, तेव्हा आत आलं. तिनं काठीला लावलेली निळी तबकडी पुढे धरली, अस्वलानं तिला नाक लावलं. शिट्टी. फोड. मग अस्वलानं दोन्ही तळवे गजांना टेकवून दाखवले. मग तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

“डॉक्टरांचं बघून होईपर्यंत मिटत नाही,” ती म्हणाली. “आता मुलांनो, सगळ्यांनी तबकडीकडे बघा.”

तबकडी डावीकडून उजवीकडे गेली. अकरा डोकी वळली. अस्वलाचंही वळलं. शिट्टी वाजली.

इंचटेप तेव्हा गुडघ्यावर बसून गजांमधलं अंतर मोजत होता. चार सेंटिमीटर. धोका: नाही.

परतताना यंत्रानं अडतीस दाखवलं, आणि तो तर गाडीचाच आवाज होता. त्यानं ‘मुले आनंदात’ असं लिहिलं. मग हाडाचा प्रामाणिक माणूस, ‘आनंदात’ खोडून ‘शांत’ केलं.

त्या संध्याकाळी भुंग्यानं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. हात धुतले. निजायला सांगितल्यावर निजली. लेक दारात उभी राहून बघत राहिली.

“बाबा, काय जादू केलीत? तिला दर आठवड्याला नेत जा.”

“दमली असेल.”

“अशीच दमू दे. नजर नका लावू.”

दुसऱ्या दिवशीही ती दमलेलीच होती. तिसऱ्या दिवशीही. घरात एवढी शांतता झाली की फ्रिज मध्येच बंद होतो, हे इंचटेपला पहिल्यांदाच कळलं.

चौथ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की ती प्रत्येक दारापाशी थांबते. न्हाणीघर, स्वयंपाकघर, गॅलरी. नुसती उभी. त्यानं घड्याळ लावून पाहिलं. सहा मिनिटं. शेवटी तो न राहवून “हं” म्हणाला.

ती आत आली. त्याच्यासमोर उभी राहिली. दोन्ही तळवे पुढे केले. मग तोंड उघडलं.

“मीट गं,” तो म्हणाला. “भुंग्या, मीट.”

तिला ते शिकवलेलं नव्हतं.

ऑफिसात त्यानं उद्यानाकडचे अभिप्रायाचे कागद मागवले. वर्षभराचे चारशे बारा. सगळ्यांवर ‘उत्कृष्ट’. बत्तीस वर्षांत त्यानं एवढं एकमत फक्त सुट्टी जाहीर झाल्यावर पाहिलं होतं. एका आईला त्यानं फोन लावला.

“छान आहे हो मुलगा,” ती म्हणाली. “आधी सारखी चित्रं काढायचा. वह्या, भिंती, काही सोडायचा नाही. आता काढत नाही. पण अक्षर काय सुंदर झालंय. मोत्यासारखं.” मग ती म्हणाली, “तुम्ही का विचारताय?”

तो दुपारीच उद्यानात गेला, एकटा. वजनाच्या खोलीत शिट्टीबाई फरशी धूत होती. गजांपलीकडे अस्वल भिंतीशी बसलं होतं.

ते गुणगुणत होतं. तीन सूर. तिसरा घसरलेला.

आवाज स्थिर ठेवून इंचटेपनं विचारलं, “हे कधीपासून?”

“चार-पाच दिवस झाले. ते काय साहेब, सगळेच काही ना काही करतात. माकडांत एक आहे, भिंतीवर चित्रं काढतं. घर, झाड, सूर्य. पुसून पुसून हात दुखतात माझे.”

“मग काय करता?”

“शिकवून बंद करायचं. शिट्टी, तबकडी, फोड. महिन्याभरात जातं.”

“आणि जातं कुठे?”

शिट्टीबाईनं झाडू थांबवला. तिच्या तोंडावर चांगल्या माणसाची सरळ मदतीची इच्छा होती. “जातं म्हणजे जातं,” ती म्हणाली.

परवाना-नियमांत एक कलम होतं, इंचटेपचं लाडकं. तपासणी पूर्ण होईपर्यंत जागेच्या स्थितीत कसलाही बदल करू नये. त्यानं त्याच दिवशी आदेश काढला: अस्वलाला नवीन काही शिकवू नये, आहे ते मोडू नये. आणि फाइल उघडी ठेवली.

उघड्या फाइलीच्या आधारावर तो रोज अकराला जाऊन गजांपाशी स्टुलावर बसू लागला. एकदा भुंग्यालाही नेलं. अस्वल धावत गजांशी आलं. भुंगा उंबऱ्यावर थांबली, ‘हं’ची वाट बघत, आणि आत आल्यावर अस्वलाकडे तिनं पाहिलंही नाही. अस्वल बराच वेळ तिच्याकडे बघत गुणगुणलं. मग इंचटेपकडे बघून गुणगुणलं. त्यानं तिला घरी नेलं आणि पुन्हा आणलं नाही.

“इंचटेप,” मोठे साहेब म्हणाले, या वेळी तोंडावरच, “शेवटच्या आठवड्यात कसला हट्ट? हरकत काय ते लिहा. रकाने आहेत: पडणे, चावणे, आवाज, घबराट.”

“त्यातलं नाही काही.”

“मग ‘योग्य’ लिहा.”

“दोन दिवस द्या.”

“दोनच. तुम्ही गेलात की तुमच्या जागी येणारा पोरगा पहिल्याच तासात सही ठोकेल, हे तुम्हालाही माहीत आहे.”

त्याला माहीत होतं. घरी त्यानं लेकीला सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकून घेत होती, बापाचं डोकं निवृत्तीनं बिघडतंय अशा मायेनं.

“बाबा, ती शहाणी झालीय. शहाणं होणं हा काय रोग आहे?”

“तिनं शेवटचं काय विचारलं तुला? आठव.”

लेकीला आठवेना. तिनं पंखा वाढवला आणि विषय बदलला.

शेवटच्या दिवशी तो अकराच्या सहलीला सगळ्यांबरोबर गाडीत बसला. वजनाच्या खोलीत पिवळा पट्टा ओलांडून पुढे गेला.

“साहेब, तिथे मुलं बसतात,” शिट्टीबाई म्हणाली.

“भुंगा तिकडे एकटी आहे,” गजांपलीकडे बघत तो म्हणाला.

मुलं हसली. तो गुडघे धरून सावकाश एका निळ्या वर्तुळात बसला. झडप वर गेली. अस्वल आलं, थांबलं, आत आलं, आणि गुणगुणणं न थांबवता त्याच्यासमोर बसलं.

तबकडी उजवीकडे गेली.

त्यानं बघितलं.

शिट्टी.

दुपारी तो ऑफिसात वेळेवर पोचला. मोठे साहेब म्हणाले, सही करा. त्यानं केली. वयाच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: तीन वर्षे आणि पुढे. हरकत नाही. मग त्याला बसा म्हणाले, तो बसला. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, असा शांत माणूस खात्याला पुन्हा मिळणार नाही.

तपासणी पूर्ण झाली, आदेश आपोआप उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी यायच्या आधी, शिट्टीबाईनं तबकडी पुसली आणि गजांपुढे धरली. आज अस्वल दोन आवाजांत गुणगुणत होतं. एक बारीक, एक जाड आणि बेसूर. तिला कामाचा कंटाळा नव्हता. तिनं शिट्टी वाजवली, फोड दिली, पुन्हा वाजवली.

बारीक आवाज बाराव्या दिवशी थांबला. जाडा त्यानंतरही आठवडाभर चालू होता. मधूनमधून थांबे, कुणी उत्तर देईल अशी वाट बघितल्यासारखा, आणि पुन्हा सुरू होई.