पुसलेला भोवरा

लेकीला, केयाला, किटातून म्हणजे जर्मन बालवाडीतून आणायचं, दूध कोमट करून तिच्यापुढे ठेवायचं आणि ती पिईपर्यंत आतल्या खोलीत लॅपटॉप उघडायचा, हा अरुंधतीचा रोजचा शिरस्ता. हायडेलबर्गच्या एका संस्थेसाठी ती संगणकावर वायूचा एक ग्रह फिरवत असे. त्याच्या पट्ट्यांत भोवरे जन्मायचे, एकमेकांना गिळायचे, विरून जायचे.

एक तेवढा विरत नव्हता. दक्षिण ध्रुवाजवळ, नखाएवढा. सुरुवातीचे आकडे बदलले, ग्रहाचा वेग बदलला, तरी तिथेच आणि तेवढाच. त्याच्यापायी पेपरचा निष्कर्ष डळमळत होता, आणि पेपरवर तिचं पुढचं कंत्राट टांगलेलं.

शेवटी तिने नको ते केलं. तेवढ्याच जागेतला प्रवाह गणितात मधासारखा घट्ट केला. भोवरा मेला.

सोमवारी व्हिडिओवर संस्थेतल्या वरिष्ठ बाईंनी, फ्राऊ लिंडनरनी विचारलं, "दक्षिणेला काही दिसत होतं ना?"

मांडीवरच्या केयाचे केस कुरवाळत अरुंधती म्हणाली, "डा इस्ट निख्ट्स." तिथं काही नाही.

"गेनाऊ, अगदी बरोबर. सुंदर काम!"

त्या 'सुंदर'ने तिचे कान तापले.

गुरुवारी कंत्राट आलं. नवऱ्याने, अनुजने शिरा केला. "अगं, आपले पेले कुठे जातायत? ग्रहावर नेतेस की काय?" ती हसली, पण त्याच्या डोळ्यांत बघू शकली नाही.

शुक्रवारी तिला राहवेना. बाईंना सगळं कळवायचं ठरवून तिने तो घट्टपणा काढला, सकाळीच ग्रह पुन्हा फिरायला लावला. दुपारी पाहिलं, तर दक्षिणेला काहीच नव्हतं. कबूल करायला पुरावाही उरला नव्हता.

तिला हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

लॅपटॉप मिटून ती स्वयंपाकघरात आली. चार वर्षांची केया पेल्यासमोर हात मांडीत घेऊन बसली होती. चमचा ओट्यावर, कोरडा.

"पी ना गं राणी. गार झालं."

केयाने मान हलवली.

दुधावरची साय फिरत होती. कडेला, नखाएवढी.

अरुंधतीने पेला उचलला, गदगदा हलवला, खाली ठेवला.

साय फिरत होती.

"केया, हे कधीपासून?"

केयाने लगबगीने पेल्यावर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने आईचे केस कुरवाळले.

"डा इस्ट निख्ट्स, ममा."

तिच्यामागे, पडद्याआड, खिडकीच्या कट्ट्यावर चार पेले ओळीने ठेवलेले होते. प्रत्येकावर बशी पालथी. एकेक बशी हलकेच किणकिणत होती.