दुसरी टपली

शटर अर्धं खाली ओढ आणि बसा सगळे. त्या स्टुलावर नको रे, त्याचा एक पाय डुगडुगतो. टायरवर बस. हं, आता सांग, काय म्हणत होतास? इंजिनाचा कॉम्प्युटर घरी बनवणार? इंटरनेटवर बघून? वा! काका जन्मभर गाड्यांचे पत्रे ठोकत राहिला आणि पुतण्या इंजिनाला अक्कल शिकवणार.

हसू नका. मी नको म्हणत नाही. बनव खुशाल. पण आधी ही एक गोष्ट ऐक. ऐकीव नाही, माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या माणसाची आहे. कुलूप लागलंय ना, तोच गाळा. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसला आणि परत जोडलान् तेव्हा त्यात एक स्टेशन जास्त लागायला लागलं, असं त्याची आई सांगायची. आई लवकर गेली. वडील शाळेत मास्तर, आता रिटायर. एक धाकटा भाऊ आणि त्याची बायको. एवढंच घर.

धाकटा म्हणजे गाडीवेडा. कुठूनशी एक जुनी छोटी स्पोर्ट्स कार उचलून आणली. दोन माणसांची, वर टप नाही, बसलं की बूड रस्त्याला टेकतंय असं वाटायचं. पण कार्बोरेटरचं रोजचं रडगाणं. शेवटी रेडिओ म्हणाला, "काढून टाक तो. मी हिला मेंदू देतो." आणि दिला! जेवणाच्या डब्याएवढा डबा. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं तो डबा ठरवणार. आत काय भरलंय ते एक रेडिओच जाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नुसता डबा बसवून भागत नाही बरं का. गाडी रस्त्यावर नेऊन त्याला शिकवावं लागतं. इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्या झाल्या की इतकं पेट्रोल, चढाला एवढं, उताराला तेवढं. धाकटा चालवायचा, रेडिओ शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे बदलायचा. वाऱ्यात आणि त्या सायलेन्सरच्या बोंबेत शब्द ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी खूण ठरवली होती. शेजारच्याने दोन बोटांनी चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर टपली मारायची. एक टपली म्हणजे 'धर'. पाय आहे तिथेच ठेव, फेऱ्यांचा काटा हलू देऊ नकोस, मी आकडा बसवतोय. दोन टपल्या म्हणजे 'झालं, सोड'. दुसरी टपली येईपर्यंत पाय उचलायचा नाही. ही खूण त्या दोघांची. घरात कुणाला ठाऊक नव्हती, मलासुद्धा नंतरच कळली.

कधीकधी अदलाबदल व्हायची. मग रेडिओ चालवायचा आणि परत यायचा तो गुडघ्यावर काळे ठसे घेऊन. धाकट्याचे हात कायम ग्रीसने बरबटलेले. त्यातून त्याचं मधलं बोट एकदा फॅनच्या पट्ट्यात गेलेलं, पेरभर कमी. त्यामुळे ठसा उमटायचा तो एक लांब, एक आखूड. 'साडेनऊ बोटांचा मेकॅनिक' म्हणायचो आम्ही त्याला. तोही हसायचा. फार गोड पोरगा होता रे.

तर काय झालं, त्यांनी इंजिन खोलून नव्याने भरलं. नवं भरलेलं इंजिन पहिल्या दिवशी तापवत नाहीत. म्हणून अंगणात चालू करून बघताना रेडिओने डब्यात एक मर्यादा घातली. तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की पेट्रोल बंद. दिवा नाही, घंटी नाही, आपलं घरगुती काम. खट्कन बंद. अंगणात ठीक आहे. पण रस्त्यावर जायच्या आधी ती मर्यादा काढून साडेसहा हजारावर न्यायची असते. ते राहिलं.

धाकट्याची बायको हॉस्पिटलात नर्स. संध्याकाळी तिची ड्यूटी सुटायची होती. धाकटा इथे शेजारी आला. दारातूनच म्हणाला, "दादा, गाडी नेऊ का? हिला घेऊन येतो." रेडिओ कुणाच्या तरी टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसलेला. मान वर केली नाही त्याने. म्हणाला, "ने. सगळं झालंय."

एकटाच तिला आणायला निघालेला. पाण्याच्या टाकीजवळची ती चढण. पुढे ट्रक, मुंगीच्या पावलाने चाललेला. धाकटा ओव्हरटेक करायला बाहेर निघाला. अर्ध्यावर पोचला... आणि समोरून बस. अशा वेळी माणूस पाय दाबतो आणि निघून जातो. त्याने दाबला. गाडी गेली ती शेतात. गाडीला काय झालं? एक दिवा फुटला, डावी बाजू चेपली. पोरगा मात्र बाहेर फेकला गेला तो परत उठला नाही.

रेडिओ धावत पोचला. लोक धाकट्याला उचलून नेत होते आणि हा गाडीत बसून राहिला होता. सगळ्यांना वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला. बिचाऱ्याने तेवढ्यात लॅपटॉप जोडून तीन हजाराचे साडेसहा हजार केले होते.

काय? पोलिसांनी डबा बघितला का? बघितला की! त्यांना वाटलं, गाणी लावायचं मशीन आहे. ब्रेक ठीक, टायर ठीक. म्हणाले, वेग नडला.

मास्तरांनी तेच धरून ठेवलं. शिस्तीचा माणूस. म्हणाले, "माज नडला त्याला." पोराचा फोटो लावू दिला नाही भिंतीवर. आणि सुनेला उठता-बसता एकच, "तुला चालत यायला काय झालं होतं? तुझ्यापायी पळवत होता तो." ती बिचारी खाली मान घालून ताटं वाढायची. आणि हा रेडिओ, तोंडात मिठाची गुळणी धरून त्याच पंगतीला जेवायचा. एक वाक्य बोलायचं होतं रे त्याने. एकच!

मला काही माहीत नव्हतं. मी इथे ती गाडी ठोकून सरळ करत होतो आणि हा रोज येऊन त्या पत्र्यावरून हात फिरवत उभा राहायचा. मी म्हणायचो, भावाची आठवण येतेय. खाई त्याला खवखवे, ते मला काय कळणार.

चार महिने गेले. मास्तर म्हणाले, गाडी विका, डोळ्यांसमोर नको. शनिवारी सकाळी गिऱ्हाईक यायचं ठरलं. आणि त्याच शनिवारी सूनही माहेरी निघणार होती, कायमची. बॅग भरून दाराशी ठेवलेली. नवरा आपल्यापायी मेला, हे ओझं डोक्यावर घेऊन चालली होती ती.

आदल्या रात्री, म्हणजे ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी, साडेअकराच्या सुमाराला रेडिओ आला. मी वर झोपायच्या तयारीत. खालून हाक मारली, "काका, किल्ली द्या. उद्या गिऱ्हाईक येतंय, एकदा फिरवून बघतो." मी किल्ली खाली टाकली. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. ढग नाही, वारा नाही. साधं काम होतं.

त्याने लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवला, घसरू नये म्हणून वरून पट्टा लावला. आकडा बघून घेतला. साडेसहा हजार. गाडी काढली. चार महिने उभी असलेली गाडी, जरा खोकत होती. गावाबाहेरचा रस्ता मोकळा. हा सरळ बघून चालवतोय.

गुडघ्यावर टपली बसली.

एक.

त्याला वाटलं, पायाला झटका आला. होतं कधीकधी. पण पाय... पाय आपोआप थांबला. इतक्या वर्षांची सवय. 'धर' म्हटलं की धरायचं. काटा एका जागी उभा राहिला.

शेजारी स्क्रीन उजळली होती. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हा त्यांचाच नियम. तरी बघितलं त्याने. एकेक आकडा बदलत होता. एक बदलला... थांबला. पुढचा बदलला... थांबला. कुणीतरी विचार करून बसवावं तसं. आणि इंजिनाचा खोकला गेला. असं गोड चालायला लागलं, म्हणाला, भाऊ होता तेव्हाही चाललं नव्हतं.

"कोण आहे?" असं विचारायचं होतं त्याला. विचारलं नाही. माहीत होतं ना.

पाय उचलायला गेला.

उचलेना.

पुढे टाकीची चढण. चढणीवर... ट्रक. हळू चाललेला. लाल दिवे जवळ यायला लागले. ब्रेकवर पाय न्यायचा तर पाय हलत नाही. आणखी जवळ. आता ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं वाचता येतायत. स्टिअरिंग वळवलं, बाहेर काढली गाडी. दुसरा काय उपाय?

ट्रकच्या शेजारी आला. अर्ध्यावर.

समोरून दिवे.

त्याने दाबला पाय. जीव खाऊन दाबला. काटा चढला... चढला... तीन हजार...

खट्.

इंजिन गेलं. नुसता वारा. साडेसहा हजार लिहिलेल्या गाडीत, तीन हजारावर. दाबतोय, दाबतोय, काही नाही. ते दिवे मोठे होतायत. म्हणाला, "काका, तेव्हा मला कळलं त्याला काय वाटलं असेल. त्याला पहिल्या क्षणी माझीच आठवण झाली असणार. दादा म्हणाला होता, सगळं झालंय."

आणि पाय सुटला. ब्रेकवर उभाच राहिला हा. ट्रक पुढे गेला, ही गाडी त्याच्या मागून कशीबशी कडेला शेतात उतरून थांबली. बस हॉर्न मारत निघून गेली. जागा तीच. धाकट्याचीच.

शांत.

हा रिकाम्या सीटकडे बघून ओरडला. "मीच ठेवला होता आकडा! मी विसरलो! तुझी काही चूक नव्हती रे... नंतर बदलला मीच..."

काही नाही.

गुडघा पुढे करून बसला. दुसऱ्या टपलीची वाट बघत. 'सोड' म्हणेल म्हणून.

नाही आली.

पहाटे माझं शटर वाजलं. दारात हा. पँट ओली झाली होती. हसू नका, तुमची काय झाली असती? मी त्याला माझा पायजमा दिला, चहा दिला. तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं, टपल्यांपासून ते शेवटच्या आकड्यापर्यंत. रडत होता. मला कीव यायला हवी होती, पण मला राग आला. सांगतो खरं ते. म्हटलं, "माझ्यापुढे काय रडतोस? घरी बॅग भरून बसलीय ती. चल ऊठ." आणि हाताला धरून घेऊन गेलो.

मास्तर टेबलाशी बसले होते. सून चपला घालत होती. रेडिओने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबा, मर्यादा, 'सगळं झालंय', नंतर पुसलेला आकडा. रात्रीचं सांगितलं नाही, टपल्यांचं तर नाहीच. कोण विश्वास ठेवणार?

 मास्तर म्हणाले, "चार महिने मी माझ्या मेलेल्या पोराला शिव्या दिल्या. ह्या पोरीला नाही नाही ते बोललो. आणि तू माझ्या शेजारी बसून भात कालवत होतास?"

 

मास्तर सुनेकडे वळले. हात जोडले त्यांनी, ज्या माणसाने कधी कुणाची माफी मागितली नाही त्याने. "पोरी, जाऊ नकोस. मी चुकलो." तिने बॅग खाली ठेवली आणि भिंतीला टेकून रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मग मास्तरांनी विचारलं, "पण मला एक सांगा, रात्री माझ्या खोलीत कोण आलं होतं?"

"कुणी नाही, बाबा," सून म्हणाली.

"आलं होतं. मला उठवलं. गुडघ्यावर अशी बोटं मारली. दोनदा. मला वाटलं हाच आला, काही सांगायला. डोळे उघडले तर कुणी नाही. आणि नवल म्हणजे... छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. कधी नव्हे ती झोप लागली."

 रेडिओ तडक आत गेला. मागोमाग आम्ही. पांघरायची चादर पलंगावर तशीच होती. मधोमध काळे ठसे. दोन बोटांची एक जोडी आणि तिच्याशेजारी दुसरी. प्रत्येकीत एक बोट लांब, एक आखूड.

सुनेने त्यावर हात ठेवला. बोटं कुणाची, ते तिला सांगावं लागलं नाही.

रेडिओ मात्र तिथे थांबला नाही. पायजम्यातच धावत माझ्या गाळ्यात आला आणि मी धुवायला टाकलेली त्याची पँट हिसकून उजेडात धरली. बघत राहिला.

त्याने गाळा बंद केला त्यानंतर. फोटो लागलाय घरात, सून राहिली, मास्तर तिचंच ऐकतात. रेडिओशीही बोलतात, कामापुरतं. तो जातो-येतो, जेवतो. पण नीट बघा कधी. कुठेही बसला, तरी उजवा पाय जमिनीवर दाबून बसतो. उचलत नाही.

ती पँट मी साबणाने धुतली, रॉकेलने धुतली, पत्र्यावरचा रंग उतरवायचं थिनर लावून बघितलं. गुडघ्यावरचा ठसा जात नाही. ती काय तुझ्या पाठीमागे खुंटीला. घाबरतोस काय, कापड आहे. घे, ह्या दिव्याखाली धर.

दिसली? एक लांब, एक आखूड. आता उलटसुलट करून बघ, दुसरी जोडी कुठे सापडते का.

मी रोज बघतो.