हळू केलं की बंद पडणारं इंजिन

ही गोष्ट रचलेली नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने चिटगुप्प्याला जावं आणि श्रीमंत मिस्त्रीला विचारावं. तो काही सांगणार नाही. मान खाली घालून पाना पुसत बसेल.

तेवढ्यानंच कळेल.

गेल्या मार्गशीर्षातला मंगळवार. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. दुपारचे तीन वाजले होते आणि मुडबीच्या पुढचा तलाव उन्हात लखलखत होता.

त्या सकाळी सुगत श्रीमंतच्या दुकानात आला होता. सुगत म्हणजे खालच्या वस्तीतल्या कोंडाबाईचा मुलगा. मासेमारीच्या सोसायटीची नाव आता तोच चालवतो. खांद्यावर नावेच्या मागं अडकवायचं इंजिन होतं.

"अण्णा, बघा की ह्याला. जोरात सोडलं की वाऱ्यासारखं पळायलंय. हळू केलं की बंद पडायलंय."

"तुज्यासारखंच हाय की. बसून ऱ्हा म्हणलं की झोपतंय," श्रीमंत हसला.

हसू ओठावरच वाळलं. इंजिन त्याने ओळखलं होतं.

चार वर्षांपूर्वी हेच इंजिन, हीच तक्रार. तेव्हा त्याने कार्बोरेटर उघडलाच नव्हता. पंपसेट आणि मोटारसायकली दुरुस्त करणारा माणूस तो. स्क्रू पिळला, रेस वाढवून दिली. "चालायलंय न्हवं? मग झालं."

इकडे सगळेच तसं करतात. मोटारसायकलीचं त्यानं भागतं. नावेचं भागत नाही. माणूस उचलायचा तर नावेला हळू व्हावंच लागतं.

दोन दिवसांनी पूर आला. नाववाला गावात नव्हता, म्हणून श्रीमंतनेच नाव काढली. वरच्या गल्लीतली आठ माणसं बसवली, त्यात दोन लेकरं. खालच्या वस्तीला वळसा घातला तर विहाराच्या स्लॅबवर कोंडाबाई उभी. एकटीच. पदर हलवत होती.

"श्रीमंता... हळू कर की रं!"

त्याने हळू केलं. इंजिन खोकलं, गचके खाऊ लागलं, धार नावेला ओढायला लागली. नावेतली माणसं किंचाळली.

त्याने रेस पिळली.

नाव पुढे निघून गेली. काठाला लागल्यावर इंजिन जे थंड पडलं, ते सांजेपर्यंत चालू झालं नाही. सांजेला स्लॅब दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी बिदरहून सुगत धावत आला. श्रीमंत त्याला म्हणाला, "स्लॅबवर कोणी न्हवतं बाबा. असती तर मी सोडलो असतो व्हय?" नावेतल्या कुणीही तोंड उघडलं नाही.

सुगतने त्याचे दोन्ही हात धरले. तेव्हापासून तो त्याला अण्णा म्हणतो.

ह्या वेळी श्रीमंतने काही बाकी ठेवलं नाही. कार्बोरेटर सुटा केला. हळू चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक तारेनं मोकळं केलं. टाकीतलं पाणी काढलं, प्लग नवा बसवला. पाण्याच्या बॅरलला इंजिन लावून अर्धा तास हळूच चालवलं. मांजरासारखं गुरगुरत राहिलं.

मग दोघं तलावावर गेले.

नाव हळूहळू निघाली. बगळे होते. पलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं. इंजिन छान चालत होतं.

विहार दिसला. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. पुरानंतर तलावाचं पाणी वस्तीतून ओसरलंच नाही; पुनर्वसन झाल्यापासून ती ओसाड आहे.

इंजिन खोकलं...

बंद.

श्रीमंतने प्लग काढला. ठिणगी झकास. पेट्रोल स्वच्छ. दोरी ओढली, पहिल्या झटक्यात चालू. हळू केलं...

बंद.

मग त्याच्या लक्षात आलं, कपडे आपटल्याचा आवाज येत नाही. बगळे दिसत नाहीत. वारा नाही, धार नाही.

तरी नाव सरकत होती.

विहाराकडे.

"वल्हं मार की," श्रीमंत म्हणाला. सुगत मारत होता. घाम निथळत होता. नाव ऐकत नव्हती. स्लॅबच्या कडेला ती अलगद टेकली, आणि मधल्या फळीवर काहीतरी बसावं तशी... खचली.

मग हाक आली. जात्यावर ओवी लांबवावी तशी, लांबवलेली.

"श्रीमंताऽऽ... हळू कर की रं..."

श्रीमंतने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सुगत त्याच्याकडेच बघत होता. तोंडावर भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं.

"माज्या मायचा आवाज हाय."

श्रीमंतने इंजिनची दोरी पुन्हा धरली.

"तुमचं नाव घेतली ती. माजं न्हाई, तुमचं." सुगतने वल्हं खाली ठेवलं. "कोणी न्हवतं म्हणलाव न्हवं, अण्णा?"

"सुगता... इंजिन बंद पडायलं होतं रं. नावेत लेकरं होती..."

"किती बारी हाक मारली?"

पाणी जराही हलत नव्हतं.

"तीनदा," श्रीमंत म्हणाला.

सुगतने वल्हं उचललं. आता नाव निघाली, मुकाट्याने. वाटेत त्याने शिवी दिली नाही, रडला नाही.

श्रीमंत मनात एकच गोष्ट घोळवत होता. हाका तीन नव्हत्या, चार होत्या. नाव पुढे गेल्यावर चौथी आली होती... "जाय बाबा. लेकरं नीट ने." आणि तिने पदर हलवायचा थांबवला होता. हे आजवर त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? सुगतला वाटेल, मेलेल्या बाईच्या तोंडी आपली माफी घालायलाय.

नाव काठाला लागली. सुगतने इंजिन सोडवलं, खांद्यावर घेतलं. चार पावलं गेला. थांबला. मागे न वळता म्हणाला,

"आणि चौथ्या बारी काय म्हणली, अण्णा?"

श्रीमंतने अजून उत्तर दिलेलं नाही.

सुगतला चौथी कुणी सांगितली, हेही त्याने अजून विचारलेलं नाही.