गुलाब, वांगी आणि बशीची मागची बाजू

"हे गुलाब आहेत की वांगी?"

विनिफ्रेडने भट्टीतून जांभळी होऊन आलेली चिनी मातीची बशी दुकानाच्या फळीवर आपटली, म्हणजे जवळजवळ आपटलीच. इंग्लंडातल्या वुस्टर गावातल्या निम्म्या हौशी मुली आपल्या रंगवलेल्या बशा भाजायला म्हाताऱ्या टलकडे आणत. आज मात्र भट्टीमागून भलताच कोणीतरी बाहेर आला... तरुण, बाह्या वर सारलेला, गालाला काजळी.

"मी त्यांचा पुतण्या, अँब्रोज टल. रंग जाड दिलात, मिस. गुलाबी असा लिंपायचा नसतो."

"मी लिंपलं?"

"लिंपलंतच की!"

डॉक्टर पीक यांच्या लेकीला असं तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. ती फणकाऱ्याने निघून गेली आणि मंगळवारी नवी बशी घेऊन परत आली. पुढच्या मंगळवारीही. तो रंग खलून दाखवायचा, ती मुद्दाम चुकायची. बोटाला बोट लागलं की दोघंही भलतीकडे बघायची! घरी तिला गुलाबांचं एवढं वेड कधीपासून लागलं, हे कोणालाच कळेना.

मे महिन्यात तो म्हणाला, "तिकडे दूर स्टोकला, चिनी मातीच्या कारखान्यात काम मिळालंय. शनिवारच्या गाडीने निघतोय."

तिच्या हातात न भाजलेली बशी तशीच राहिली.

"जायच्या आधी एक कबूल करतो," तो खाली बघत म्हणाला. "त्या दिवशी रंग जाड नव्हता. भट्टी माझ्याच हातून जास्त तापली होती. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही दुसरीकडे गेला असतात..."

"लबाड!"

"आहेच. थांब म्हणालात तर थांबेन. पण तुमचे वडील—"

"वडिलांचं मी बघते."

पण 'थांब' हा शब्द काही केल्या ओठांबाहेर पडेना. तिने त्याचा कुंचला उचलला, बशी उलटी केली आणि रंगवणारीचं नाव घालतात तिथे लिहिलं— विनिफ्रेड टल.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"आडनाव... चुकलंय."

"चुकलं वाटत असेल तर पुसा बोटाने. कच्चा रंग आहे," ती म्हणाली. "एकदा भाजलं की जन्मात निघणार नाही."

अँब्रोजने बशी जपून कडेला धरून उचलली, भट्टीत सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि दार लावून अडसर घातला.

"आणि शनिवारची गाडी?" तिने विचारलं.

"कुठली गाडी?"